काही तासांत उतार देणारे नैराश्याचे औषध मेंदूत नेमके काय करते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की जिंतूरला राहणारे आपले थोरले बंधू तीन आठवड्यांपासून एस्सिटालोप्रामची गोळी घेत आहेत, फारसा फरक दिसत नाही, आणि केटामाइनच्या इंजेक्शनने काही तासांतच नैराश्य उतरते असे भाच्याने आपल्याला सांगितले आहे. जिथे गोळीला आठवडे लागतात तिथे इंजेक्शनला तास कसे पुरतात, आणि ते खरेच असे गुणकारी असेल तर सर्वांना का देत नाहीत, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

सुरुवात गोळीपासून करू. सेरोटोनिन हे मेंदूतील पेशींमध्ये संदेश नेणारे द्रव्य; ते पुन्हा पेशीत ओढून घेणारा जो वाहक असतो, त्याला एस्सिटालोप्राम पहिल्या दिवशीच, काही तासांत अडवते. नैराश्य म्हणजे नुसती सेरोटोनिनची कमतरता असती तर रुग्णाला त्याच संध्याकाळी बरे वाटायला हवे होते. तसे होत नाही. सेरोटोनिन वाढताच ते तयार करणाऱ्या पेशींवरील नियंत्रक ग्राही (ग्राही म्हणजे पेशीवरचे असे प्रथिन, ज्याला द्रव्य चिकटले की पेशीला संदेश मिळतो) त्या पेशींचे काम मंद करतात, आणि हे ग्राही हळूहळू निबर व्हायला दोन-तीन आठवडे जातात. त्यानंतर मेंदूतील पेशींच्या जोडण्यांत जे बदल घडावे लागतात, त्यांनाही वेळ लागतो. म्हणूनच गोळीचा निकाल पुरेशा मात्रेवर चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय लावत नाहीत. तीन आठवड्यांत ‘गोळी लागू पडली नाही’ असे म्हणणे घाईचे आहे.

केटामाइन हे नवे औषध नाही. ते 1962 मध्ये अमेरिकेत तयार झाले आणि 1970 पासून भूल देण्यासाठी वापरात आहे. आपल्याकडील तालुक्याच्या दवाखान्यांत भूल देणारे डॉक्टर ते चांगले ओळखून आहेत, कारण त्याने रुग्णाचा श्वास सहसा दबत नाही. नैराश्यावरील त्याचा पहिला नियंत्रित अभ्यास येल विद्यापीठातून 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण अगदी मोजके होते. पुढे 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, इतर औषधांना दाद न दिलेल्या 18 रुग्णांवर ते वापरले गेले. एका दिवसानंतर सुमारे 71 टक्के रुग्णांत ठळक सुधारणा होती, पण ती आठवडाभर टिकली फक्त 35 टक्क्यांत. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत, कारण भाच्याच्या सांगण्यात पहिला येतो आणि दुसरा गळतो.

आता यंत्रणा. मेंदूतील मुख्य उत्तेजक द्रव्य ग्लुटामेट आहे, आणि त्याच्या एनएमडीए नावाच्या ग्राहीचा मार्ग केटामाइन बुजवते. उत्तेजना अडवणारे औषध मनाला उभारी कसे देईल, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सर्वाधिक मान्य असलेला खुलासा असा की कमी मात्रेत ते प्रथम त्या छोट्या पेशींवर काम करते, ज्या गाबा हे द्रव्य सोडून मोठ्या पेशींना सतत वेसण घालून असतात. ही वेसण सैल झाली की मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेटची लाट येते, ती एम्पा नावाच्या दुसऱ्या ग्राहींना जागे करते, पेशी बीडीएनएफ हे पोषक प्रथिन सोडते आणि एमटॉर या साखळीमार्फत जोडण्यांना लागणारी प्रथिने बनू लागतात. उंदरांमध्ये एम्पा ग्राही आधीच बंद केले तर केटामाइनचा गुण येत नाही. दुसरीकडे स्मृतिभ्रंशात दिले जाणारे मेमँटिन हेही एनएमडीए अडवते, परंतु नैराश्यात त्याचा उपयोग दिसला नाही. तेव्हा नुसते ‘ग्राही अडवणे’ एवढ्यावर सगळे स्पष्टीकरण उभे राहत नाही.

शिवाय हॅबेन्युला नावाचे एक लहानसे केंद्र आहे, जे अपेक्षाभंग आणि शिक्षा यांची नोंद ठेवते. नैराश्यासारखी स्थिती असलेल्या उंदरांत तिथल्या पेशी झुबक्याझुबक्याने संदेश सोडताना दिसल्या आणि केटामाइनने ते झुबके थांबले, असे चीनमधील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले. मला स्वतःला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो.

खरे कोडे मात्र वेगळेच आहे. केटामाइनचे रक्तातील प्रमाण दर दोन-तीन तासांनी निम्मे होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते जवळपास संपलेले असते, आणि गुण मात्र त्याच सुमारास भरात येतो. 2019 मधील एका प्रयोगात ताणाने खचलेल्या उंदरांच्या मेंदूतील पेशींचे काटे, म्हणजे जिथे जोडणी होते ते सूक्ष्म उंचवटे, सूक्ष्मदर्शकाखाली सलग पाहिले गेले. ताणामुळे काही काटे गळाले होते. केटामाइननंतर उंदरांचे वागणे सुमारे तीन तासांतच सुधारले, पण गळालेले काटे परत येऊ लागले ते साधारण बारा तासांनी. संशोधकांनी प्रकाशाच्या साहाय्याने हे नवे काटे नष्ट केले, तेव्हा सुधारणा टिकली नाही. याचा अर्थ, पहिली उभारी नव्या जोडण्यांमुळे येत नाही. ती टिकवण्याचे काम मात्र त्या करतात. लवकर बरे वाटणे आणि बरे राहणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे.

प्रचलित मात्रा वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम अशी असते आणि ती चाळीस मिनिटांत शिरेतून हळूहळू सोडली जाते. साठ किलोच्या माणसाला तीस मिलिग्रॅम, म्हणजे भुलेच्या मात्रेच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. त्या वेळेत रक्तदाब चढतो, आवाज लांबून येतात, हात आपले नसल्यासारखे वाटतात. तास-दोन तासांत हे ओसरते, पण तोपर्यंत कोणी प्रशिक्षित माणूस जवळ बसून असावा लागतो. गुण टिकवायला मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि नशेसाठी वारंवार घेणाऱ्यांत मूत्राशयाची कायमची हानी झालेली दिसते. व्यसनाच्या धोक्यामुळे भारतात ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत आहे. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्यांना भास होतात, त्यांना ते टाळतात. साधारणपणे दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा मात्रेत आणि पुरेशा काळ घेऊनही फरक पडला नाही, तरच या उपचाराचा विचार होतो.

आत्महत्येचे विचार एका दिवसात ओसरणे हा केटामाइनचा सर्वांत मोलाचा गुण आहे, म्हणून एक विचारतो: बंधूंच्या बोलण्यात ‘आता जगून काय करायचे’ असे काही येते का? येत असेल तर फवारणीची औषधे घरातून हलवा, त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) क्रमांकावर मराठीत बोलता येते. तसे नसेल तर गोळी मनाने बंद न करता पुढच्या तपासणीला मात्रा वाढवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा अन्यत्र दुसरा सल्ला घ्यायचा झाल्यास आजवरच्या सर्व गोळ्यांची नावे, मात्रा आणि सुरू केल्याच्या तारखा एका कागदावर लिहून न्या, आणि रक्तदाबाच्या नोंदीही सोबत असू द्या.