अँड्रॉइड ॲपमध्ये फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा बाहेर बॅज (छोटी खूण) कसा बसवायचा, अन बटणावर ठेवला की तो दिसत काहून नाही?

कॉन्स्ट्रेंटलेआउट (एकमेकांच्या कडांना बांधून गोष्टी मांडायचा साचा) घे भाऊ, बॅजचा टॉप अन बॉटम दोन्ही फोटोच्या टॉपला बांध, स्टार्ट (डावी कड) अन एंड (उजवी कड) दोन्ही फोटोच्या एंडला, म्हणजे बॅज बरोबर कोपऱ्यावर मधोमध बसते, अंदाजपंचे मार्जिन टाकायची गरजच नाही. दोन्हीकडून एकाच रेषेला ओढलं की व्ह्यू (स्क्रीनवरचा घटक, इथं बॅज) त्या रेषेवर अर्धा-अर्धा येतो, एवढंच गणित. फक्त फोटोला वरून अन उजवीकडून अर्ध्या बॅजएवढं मार्जिन सोड, नाहीतर बॅज कापला जाईल (बाहेरच्या लेआउटला पॅडिंग देऊन भागत नाही, तिथंही कापतेच).

आता बटणाचं. एक्सएमएलमध्ये (मांडणी लिहायच्या फाइलीत) खाली लिहिलेला व्ह्यू वर दिसतो हे खरं, पण अँड्रॉइड 5.0 पासून आधी एलेव्हेशन (व्ह्यू किती वर उचललेला आहे ते) पाहिल्या जाते, अन मटेरियलच्या (गूगलच्या डिझाइन शैलीच्या) जुन्या थीममध्ये बटणाला ते आपोआपच 2 डीपी (स्क्रीनवरचं माप) असते, दाबलं की आणखी वाढते. आमच्या कापूस भावाच्या ॲपमध्ये ‘खरेदी चालू’चा बॅज असाच बटणाखाली दडला होता, मी आपला दोन दिवस ओळी वर-खाली करत बसलो! बॅजला 10 डीपी एलेव्हेशन दिलं अन काम झालं. सावली नको असंल तर बॅजचा आउटलाइन प्रोव्हायडर (सावलीचा आकार ठरवणारी सेटिंग) नन कर.

नुसतं एकावर एक मधोमधच ठेवायचं असंल तर मात्र एवढा खटाटोप नको, फ्रेमलेआउट (एकावर एक ठेवायचा साधा साचा) पुरते. तिथं व्ह्यूला लेआउट ग्रॅव्हिटी (व्ह्यू साच्यात कुठं बसंल ते) लाव, साधी ग्रॅव्हिटी लावशील तर फक्त आतला मजकूर सरकते.