वाचकांचे प्रश्न : शिखर सरकले म्हणजे कण लहानच असतील का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. प्रकल्पासाठी केलेल्या सिलिकॉनच्या नॅनोभुकटीच्या रामन वर्णपटात (पदार्थावरून विखुरलेल्या लेसरप्रकाशाच्या ऊर्जेत किती फरक पडला हे ‘प्रति सेंटीमीटर’ या एककात दाखवणारा आलेख) शिखर ५२० ऐवजी ५१४ प्रति सेंटीमीटरजवळ मिळाले. यावरून कण काही नॅनोमीटरचेच आहेत, असे अहवालात लिहावे का? पुढे सिलिकॉनच्या चकतीवर जर्मेनियमचे कण बसवून अभ्यास करायचा आहे. तेव्हा कोणती काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : एवढ्याच पुराव्यावर तसे लिहू नये. तुमचा तर्क चुकीचा नाही. मोठ्या स्फटिकात रामन प्रकीर्णनात जवळजवळ शून्य संवेग असलेले फोनॉनच (स्फटिकातील अणूंच्या सामूहिक कंपनांचे ऊर्जाकण) भाग घेऊ शकतात, म्हणून सिलिकॉनची रेषा ५२०.५ च्या आसपास आणि अरुंद मिळते. कण काही नॅनोमीटर इतका लहान झाला की हा निर्बंध सैल होतो, कमी ऊर्जेचे फोनॉनही सामील होतात, आणि शिखर खाली सरकून त्याच्या डाव्या बाजूला शेपूट फुटते.

परंतु तापमान वाढले तरीही शिखर खालीच सरकते, आणि भुकटीच्या बाबतीत माझा पहिला संशय त्यावरच आहे. सिलिकॉनची रेषा दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०२ प्रति सेंटीमीटरने उतरते. म्हणजे तुमचे सहाचे अंतर केवळ तापमानाने पडायला सुमारे ३०० अंशांची वाढ पुरेशी आहे. हा आकडा अशक्य वाटेल, पण सूक्ष्मदर्शकाचे भिंग लेसर जेमतेम एका मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर एकवटते आणि सैल कणांमधल्या हवेमुळे तिथली उष्णता बाहेर पडू शकत नाही. अखंड चकतीला काहीही न करणारी लेसरशक्ती भुकटी सहज तापवते.

म्हणून त्याच जागेवर लेसरची शक्ती फिल्टरने निम्मी करावी, मग एक दशांशावर आणावी, आणि लागोपाठचे दोन वर्णपट तंतोतंत जुळेपर्यंत कमी करीत जावे. नोंदीला कितीही वेळ लागला तरी चालेल. शिखर ५२० कडे परतू लागले, तर ते सरकणे उष्णतेचे होते. परतले नाही, तरच आकारमानाचा विचार करावा, आणि तोही ताण वगळून, कारण ओढताणीच्या ताणानेही शिखर खाली येते. नुसत्या शेपटीवरही विसंबू नये: भुकटीत अस्फटिक (अणूंची नियमित मांडणी नसलेले) सिलिकॉन असेल, तर त्याचा ४८० जवळचा पसरट उंचवटा डाव्या बाजूला मिसळून तीच आकृती तयार करतो. आकारमानाचा आकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांशी पडताळूनच छापावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जर्मेनियमची रेषा ३०० प्रति सेंटीमीटरजवळ येते, आणि खरा धोका तिथेच आहे, कारण खालच्या सिलिकॉन चकतीचीही दोन फोनॉनांमुळे उमटणारी एक क्षीण रेषा जवळपास त्याच ठिकाणी असते. कण विरळ असतील, तर चकतीचीच रेषा जर्मेनियमची म्हणून मोजली जाते. त्यामुळे कोऱ्या चकतीचा वर्णपट त्याच परिस्थितीत आधी घ्यावा आणि ५२० च्या शिखराशी ३०० च्या शिखराचे प्रमाण दोन्हीकडे ताडून पाहावे. शक्य असल्यास एक नमुना काचेवरही बसवावा. शिवाय ४०० च्या आसपास वेगळी रेषा दिसली, तर ती सिलिकॉन-जर्मेनियम बंधांची असते, म्हणजे नमुना बनवण्यासाठी तापवताना दोन्ही मूलद्रव्ये एकमेकांत मिसळली आहेत, आणि मग ३०० चे शिखर शुद्ध जर्मेनियमचे मानून त्यावरून कणांचे आकारमान काढता येणार नाही.