आई म्हणते, "मला कुणाची मदत नको"

प्रश्न : आई ७९ वर्षांची आहे, एकटी राहते. घर सोडून माझ्याकडे यायला तयार नाही. तिच्या परिसरात ज्येष्ठांना मदत करणारा स्वयंसेवकांचा गट आहे. तिथे नाव देऊ का म्हटलं, तर "मी काय अंथरुणाला खिळलेय?" म्हणाली आणि तीन दिवस धड बोलली नाही. तिला कसं समजावू?

उत्तर : समजावू नका, विचारा. "आई, हल्ली कुठलं काम करताना धाकधूक वाटते?" एवढंच. बहुतेक वेळा उत्तर छोटं असतं. स्टुलावर चढून बल्ब बदलणं, रात्री न्हाणीघरापर्यंत जाणं. मदत तिथूनच सुरू होऊ द्या.

अशाच एका गटात मी अकरा वर्षं काम करते आहे. पहिल्याच वर्षी नजर अधू झालेल्या एका आजोबांचं कपाट मी हौसेनं आवरून दिलं. पुढच्या आठवड्यात दारातच म्हणाले, "बाई, माझं कपाट मला परत द्या." गोळ्यांची डबी डाव्या कोपऱ्यात, तिच्यामागे चष्मा, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. ते सांगत गेले, मी ठेवत गेले, तासभर लागला. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी कुणाच्या घरातली काडीही हलवत नाही. तुमच्या आईला भीती असेल ती याचीच.

साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा हवाच. टॉवेलच्या दांडीला धरून ती उठत असेल, तर आधी भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी लावून घ्या. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. आणखी एक : खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात, डॉक्टरांशी बोला. हे करताना कुणीतरी शेजारी उभं असू द्या.

गटाला मात्र स्पष्ट विचारा. दर वेळी तोच माणूस येणार का? आईनं फोन उचलला नाही तर कोण जाणार, किल्ली कुणाकडे? एटीएम कार्ड आणि पिन कुणाच्याही हाती जाता कामा नये, माणूस कितीही भला असो. अंघोळ घालणं, इंजेक्शन देणं हे स्वयंसेवकाचं काम नव्हे, त्यासाठी शिकलेली व्यक्तीच हवी.

आमच्या गटातल्या एका आजींचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही. पण रोज सकाळी आठ ते नऊ त्या पाच जणांना फोन करतात. दोनदा करूनही कुणी उचलला नाही, की लगेच मला कळवतात. त्यांचा फोन आला की मी हातातलं काम टाकून निघते. तुमच्या आईला असे दोन फोन करायला जमतील का, हे विचारून पाहा. नाव नोंदवायचं ते त्यानंतर.