भाषेच्या शंका : ऐकायला एक, लिहायला दोन

प्रश्न : मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. श्रुतलेखनात टीचरनी ‘नाइट’ सांगितलं, तिने रात्र लिहिली. टीचरना हवा होता घोडेस्वार सरदार, म्हणजे के लावलेला. असे शब्द पाठच करायचे का?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, मुलीचं काही चुकलेलं नाही. नुसतं ‘नाइट’ ऐकून के लावायचा की नाही, हे कुणालाच कळणार नाही. असा शब्द वाक्यात घालूनच सांगावा लागतो. टीचरना हे जरूर सुचवा, त्या ऐकतील.

तो के आज मुका आहे, पण पूर्वी तो म्हणत असत. जी-एचचाही घशातून ख निघायचा, ‘क्निख्त’सारखा. कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छपाई आणली आणि स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली. बोलणं मात्र बदलतच राहिलं. आपल्या जुन्या गोव्यात छापखाना आला 1556 मध्ये, तेव्हाही इंग्लंडात हा के तोंडात होता. पुढे सतराव्या शतकात तो गळाला. कागदावर तेवढा उरला.

जोड्या समोरासमोर मांडून घोकून घेऊ नका, मुलं हमखास अदलाबदल करतात. मी वर्गात प्रत्येक शब्दाची भावंडं दाखवायची. ‘टू’मधला डब्ल्यू ऐकू येत नाही, पण ट्वाइस, ट्वेल्व्ह, ट्वेंटी म्हणून बघा, तिथे तो स्वच्छ वाजतो. ऐकण्याच्या ‘हिअर’मध्ये कान आहे, ई-ए-आर. ‘इथे’चा हिअर हा ‘देअर’ आणि ‘व्हेअर’च्या घरातला. शिणाण्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, ‘मसल’ला दोन एस, स्नायूच्या ‘मसल’ला एस-सी; पणजीत एका हॉटेलाच्या फळ्यावर मी तळलेले स्नायू वाचलेत! दोन्ही शब्द मुळात लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आले, म्हणून इतके जवळचे.

आणखी एक बघा. पश्चिमेचा वेस्ट आणि बनियनचा वेस्ट हे फक्त आपल्या कानाला सारखे. पहिल्याला ओठांचा चंबू होतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मुलीला आरशासमोर उभी करून दोन्ही म्हणायला लावा. ही जोडी तिला पाठ करावीच लागणार नाही.