पन्नास मुलांच्या वर्गात इंग्रजीची प्रगती कशी नोंदवावी?

करवीर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीच्या पन्नास मुलांना आपण इंग्रजी शिकवता, आणि परीक्षेच्या गुणांपलीकडे प्रत्येकाची प्रगती नोंदवणे एकट्या शिक्षिकेला शक्य आहे का, असे आपण विचारले आहे. मीही कोल्हापुरात हाच विषय शिकवतो. माझ्या मते हे शक्य आहे. मात्र सर्वांचे सर्व काही रोज टिपण्याचा आग्रह आधी सोडावा लागतो.

2010 साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा सहावीसाठी आकारिक (वर्गात शिकताना सतत चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेर परीक्षेने होणाऱ्या) मूल्यमापनाला प्रत्येकी 50 टक्के भार ठरला, आणि आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण व तोंडी काम यांनाही स्थान मिळाले. आपल्याला हवी असलेली नोंद नियमातच आहे. अडचण अशी की सत्र संपत आले की ‘संवादात भाग घेतो’, ‘वाचनाची आवड आहे’ अशी तयार वाक्ये रकान्यांत उतरवली जातात, आणि त्यांवरून त्या मुलाला उद्या काय शिकवावे हे कोणालाच कळत नाही.

त्यापेक्षा हजेरीपटाच्या क्रमाने रोज पाचच मुलांकडे लक्ष द्यावे. कामाच्या दहा दिवसांत वर्ग पूर्ण होतो. प्रत्येकाच्या नावापुढे तारीख घालून त्याने उच्चारलेले एक वाक्य जसेच्या तसे लिहावे, शेरा लिहू नये. ‘व्याकरण कच्चे’ या शेऱ्यातून काहीच हाती लागत नाही. पण एखाद्या मुलाने जुलैत ‘माय फादर इन गुऱ्हाळ वर्क’ म्हटले आणि दिवाळीनंतर तोच ‘माय फादर वर्क इन गुऱ्हाळ’ म्हणू लागला, तर क्रियापद मराठीप्रमाणे शेवटी ठेवण्याची सवय सुटली हे स्पष्ट दिसते. उत्तरपत्रिकेत दोन्ही वाक्यांचे गुण कापले गेले असते, आणि पालकांना मूल जिथल्या तिथे आहे असेच वाटले असते.

अशा नोंदी ठेवताना एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण तिथे भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. पाठांतराच्या बळावर ‘वेन्ट’ अचूक म्हणणारे मूल काही महिन्यांनी ‘गोड’ (goed) म्हणू लागते, म्हणजे ‘गो’ला भूतकाळाचा प्रत्यय लावते. वरवर ही घसरण वाटते. प्रत्यक्षात त्याला नियम सापडलेला असतो आणि तो अपवादालाही लावून पाहत असतो. म्हणून चुका केवळ मोजू नयेत. कालची चूक जाऊन आज कोणती आली, हे पाहावे.

वाचनासाठी न्यूझीलंडच्या वाचनतज्ज्ञ मेरी क्ले यांची पद्धत सोपी आहे. साधारण शंभर शब्दांचा उतारा मूल मोठ्याने वाचत असताना चुकलेल्या शब्दांवर खूण करावी. स्वतःहून सुधारलेला शब्द चूक धरू नये. शंभरातील 95 किंवा अधिक शब्द बरोबर आले तर उतारा सोपा, 90 ते 94 आले तर शिकवण्यास योग्य, त्याखाली आले तर अवघड. आपल्या मुलांबाबत मात्र या आकड्यावर विसंबू नये, कारण त्यांच्यातील अनेक जण अर्थ न कळताही खणखणीत वाचतात. उतारा संपताच त्यावर मराठीतून दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तराची नोंद त्याच पानावर करावी.

बोलण्यासाठी एकच चित्र, समजा आठवडी बाजाराचे, जून, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत प्रत्येकाला दाखवून मिनिटभर बोलायला सांगावे. दर वेळी नवे चित्र दिले तर फरक मुलात पडला की चित्रात, हे ठरवता येत नाही. मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करायचा असल्यास पालकांची परवानगी घ्यावी.

न बोलणाऱ्या मुलांचे रकाने रिकामे सोडू नयेत. ‘पुट द डस्टर अंडर द बेंच’ अशी सूचना देऊन ते काय करतात ते पाहावे. एक शब्द न उच्चारणारी मुलगी तीन टप्प्यांची सूचना अचूक पाळते, तेव्हा तिचे ऐकणे वर्गातील बोलक्या मुलांच्याही पुढे असू शकते.

वह्या तपासताना गुणांची घाई करू नये. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात केवळ शेरा मिळालेल्या मुलांनी गुण मिळालेल्यांपेक्षा अधिक प्रगती केली, आणि शेऱ्यासोबत गुण दिले तेव्हा तो लाभ उरला नाही. अर्थात, तिथे शेरा म्हणजे ‘छान’ नव्हे. काय जमले आणि पुढे काय करावे हे त्यात सांगितलेले असावे लागते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आठवड्याच्या सगळ्या नोंदी एकदा सलग वाचाव्यात. एकच चूक आठ-दहा नावांपुढे दिसली तर सोमवारचा तास तिच्यासाठी द्यावा, मग पाठ्यपुस्तकातील धडा एक दिवस मागे पडला तरी चालेल. दोघा-तिघांपुढेच दिसली तर त्यांना मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटे वेगळे बसवावे. वर्षअखेरीस ती वही सातवीच्या शिक्षकांकडे सोपवावी, म्हणजे त्यांना जूनमध्ये पुन्हा मुळाक्षरांपासून चाचपडावे लागणार नाही.