मागच्या गाडीत ॲडास असलं तरी बाईकवाल्याने निर्धास्त राहू नये

तुम्ही विचारलंय की हल्ली गाड्यांमध्ये ॲडास (रडार आणि कॅमेऱ्याने पुढचं पाहून ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम), ऑटो ब्रेकिंग वगैरे येतं, मग हायवेवर मागून येणाऱ्या गाडीचं टेन्शन बाईकवाल्याने थोडं कमी घेतलं तर चालेल का. माझं मत विचाराल तर अजिबात नाही, आणि रात्री तर मुळीच नाही.

रडारला कारची मागची बाजू म्हणजे पत्र्याचा मोठा पसारा, सिग्नल दणकून परत येतो. बाईक मागून पाहिली तर टायर, नंबरप्लेट आणि वर बसलेला माणूस, तिथून येणारा सिग्नल बराच कमजोर. त्यात आपण लेनच्या कडेने चालवत असलो तर अडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत स्पीड आपोआप कमी-जास्त करणारी सोय) कधीकधी आपल्याला सोडून आपल्या पुढची कार पकडतं. आणि अंधारात कॅमेऱ्याला दिसतो एक लाल ठिपका, तो जवळच्या बाईकचा की लांबच्या कारचा हे माणसालाही पटकन कळत नाही.

अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कॅलिफोर्निया आणि युटात असे दोन अपघात झाले, दोन्ही अंधारात, दोन्हीत टेस्लाने मागून धडक दिली आणि दोन्ही बाईकस्वार गेले. युटातल्या ड्रायव्हरने ऑटोपायलट (टेस्लाची ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम) चालू होता असं पोलिसांना सांगितलं. नंतर तिथल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने ऑटो ब्रेकिंगच्या टेस्टमध्ये ताशी ५०, ६० आणि ७० किमीचे स्पीड घेतले, समोर कारसोबत मोटरसायकलचा डमीही ठेवला, आणि २०२४ मध्ये तपासलेल्या १० छोट्या एसयूव्हींपैकी फक्त एकीला 'गुड' रेटिंग मिळालं. म्हणजे सुधारणा होतेय, पण सगळ्या गाड्या सारख्या नाहीत आणि मागून येणारी कुठली आहे हे आपल्याला कसं कळणार?

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. फ्लुरोसंट जॅकेट दिवसा छान, पण रात्री त्याचा रंग काही कामाचा नाही, तेव्हा हेडलाइट पडल्यावर चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह पट्ट्याच लागतात, हेल्मेटच्या मागे आणि बॅगवर लावा (रडारला जॅकेटचा काहीच फरक पडत नाही, हा फायदा कॅमेऱ्याला आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांना). लेनच्या अगदी कडेला चिकटून चालवू नका. आणि एक गोष्ट खूप जण विसरतात, गिअर खाली टाकून इंजिन ब्रेकिंगने स्पीड कमी केला की ब्रेकलाइट लागतच नाही, मागच्याला कळणार कसं? म्हणून ब्रेकचा लिव्हर हलकासा दाबत राहा. ट्रॅफिकच्या शेवटी थांबावं लागलं तर फर्स्ट गिअर टाकूनच ठेवा, पुढच्या गाडीच्या बाजूने निसटायला जागा सोडा, नजर आरशात, आणि मागे एखादी गाडी येऊन थांबेपर्यंत ब्रेकलाइट दोन-तीनदा मारत राहा.

तुम्ही स्वतः कारही चालवत असाल तर पुढे बाईक आल्यावर डॅशबोर्डच्या स्क्रीनकडे बघा, सिस्टिमने पुढचं वाहन पकडल्याची खूण दिसत नसेल तर क्रूझ तिथल्या तिथे बंद करा आणि पाय ब्रेकवर घ्या. खूण दिसत असली तरी पाय ब्रेकजवळच असू द्या, बाईक लेनमध्ये जरा सरकली की सिस्टिम तिला सोडू शकते.