सोयरे म्हणजे कोण?

प्रश्न मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यातून आला आहे. विचारणारे शाळेत गुरुजी आहेत. नाताळाच्या आधी एका अंगणात प्रार्थनेची बैठक होती. कापसाचा वेचा आटोपून माणसं आली होती. पाळक बोलता बोलता म्हणाले, "आपण सगळे ख्रिस्तात सोयरे आहोत." त्यावर एक म्हातारबुवा उठले आणि म्हणाले, "पोरगी देल्ल्याशिवाय सोयरा कसा होईन जी? भाऊ म्हना." बैठकीत दोन तट पडले. गुरुजींना निवाडा हवा आहे. शिवाय तेच वाक्य भिंतीवर रंगवायचं आहे, तेव्हा 'ख्रिस्तात सोयरे' लिहावं की 'ख्रिस्ती सोयरे', हेही त्यांनी विचारलं आहे.

म्हातारबुवांना मी दोष देणार नाही. वऱ्हाडात सोयरा म्हणजे लग्नातून जोडलेला माणूस, इवाई, इहीण (व्याही, विहीण) आणि त्यांचा सगळा गोतावळा. ते बोलीतला रोजचा अर्थ सांगत होते. चीड येते ती शिकल्यासवरल्यांची. २०२४ साली आरक्षणाच्या वादात 'सगेसोयरे' हा शब्द घरोघरी पोचला, तेव्हापासून जो तो छातीठोकपणे सांगतो की सगे म्हणजे रक्ताचे आणि सोयरे म्हणजे रक्ताचे नसलेले. कायद्याची व्याख्या कायद्याने करावी, त्यात मला पडायचं नाही. पण भाषेच्या नावावर हे खपवू नका.

सोयरा हा शब्द 'सोदर'वरून आला आहे. सोदर म्हणजे ज्यांचं उदर एक, एकाच आईच्या पोटचे. सहोदर तोच. प्राकृतात दोन स्वरांमधला द गळतो. पादचा पाय झाला तो असाच. सोदरचं सोअर झालं, मग सोयरा. कुणी इथे 'सुहृद', म्हणजे चांगल्या मनाचा, मित्र, हा शब्द पुढे करतात. त्यांनी सुहृदचं प्राकृत रूप पाहावं. ते 'सुहि' आहे. त्यातून सोयऱ्यातला 'रा' कसा काढणार? अर्थ गोड लागला म्हणून व्युत्पत्ती ठरत नसते.

मग रक्ताचा शब्द लग्नाच्या नात्याला कसा गेला? माझ्या मते तो मानाच्या हाकेतून गेला. आपल्याकडे मांडवात इवायाच्या गळ्यात दुपट्टा टाकतात, डोक्यावर टोपी ठेवतात आणि दोघं इवाई छातीला छाती, पोटाला पोट लावून भेटतात. कालपर्यंत ज्याचं गाव माहीत नव्हतं, त्याला 'तू आता माझ्या आईच्या पोटचा' असं म्हणण्याची ती रीत आहे. शब्द त्या भेटीत रुळला आणि पुढे लोक मूळ विसरले. पण संत विसरले नव्हते. तुकोबांनी वृक्षवेलींना सोयरी म्हटलं, तिथे काय सोयरीक जुळवायची होती? आणि चोखोबांच्या घरात तर हा शब्दच नांदत होता. त्यांच्या पत्नीचं नाव सोयराबाई. चोखोबांचं जन्मगाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा दाखवतात. गावाच्या नावात मेहुणा आणि घरात सोयरा! (मेहुणा हा 'मैथुन'वरून आलेला, तो खरोखर लग्नाच्या नात्याचा शब्द. ज्यांना लग्नाचं नातंच हवं असेल त्यांनी तो घ्यावा.)

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. नवा करार मूळ ग्रीकमध्ये आहे आणि त्यात भावाला शब्द आहे 'आदेल्फोस'. त्यातला 'आ' म्हणजे आपला 'स', एकच, समान. 'देल्फुस' म्हणजे गर्भाशय. आदेल्फोस म्हणजे एका गर्भातला. सोदर! शब्दाची घडणसुद्धा तीच, जणू एकाच सुताराने दोन्ही खाटा ठोकल्या. आणि नुसती घडणच सारखी आहे असंही नाही. 'देल्फुस' आणि आपला 'गर्भ' हे एकाच मुळाचे मानले जातात. यजुर्वेदात 'भ्राता सगर्भ्यः', म्हणजे एकाच गर्भातला भाऊ, असा प्रयोग आहे, तो तर आदेल्फोसचा जुळाच. डॉल्फिन हे नावही याच देल्फुसवरून आलं आहे, गर्भाशय असलेला मासा म्हणून.

म्हणजे प्रेषित पौल नव्या करारातल्या आपल्या पत्रांत ज्यांना पुन्हा पुन्हा हाक मारतो, ज्यांना मराठी पवित्र शास्त्रात 'बंधूंनो' म्हटलं आहे, ते शब्दशः सोयरे आहेत. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीच्या छापखान्यातून १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत निघालं आणि १८११ साली नवा करार. तेव्हापासून भाषांतरं किती झाली, पण या हाकेसाठी सोयरा कुणी घेतलेला माझ्या पाहण्यात नाही. 'बंधू' हा बांधणे या धातूचा शब्द आहे. बांधलेलं सोडता येतं. एका पोटातून आलेलं कसं सोडणार? भाषांतरकार मोठे विद्वान होते, पण इथे त्यांनी पंडिती शब्द घेतला आणि उदर गमावलं, असं मी स्पष्ट म्हणतो. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही, असं येशू सांगतो, तेव्हा निकदेम नावाचा यहुदी पुढारी त्याला विचारतो, म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात दुसऱ्यांदा शिरून जन्म कसा घ्यावा? त्या प्रश्नानंतर विश्वासणाऱ्यांना 'एका उदराचे' म्हणणं किती नेमकं बसतं, ते पाहा.

'सगा'बद्दलही माझं एक म्हणणं आहे. बहुतेक कोश तो 'स्वक'वरून, म्हणजे 'आपला'वरून आणतात. ध्वनीच्या हिशेबात त्यांचं बसतं, हे मी मान्य करतो. पण सगा भाऊ म्हणजे नुसता आपला भाऊ नव्हे, एकाच आईचा. सावत्र भाऊही आपला असतो, पण त्याला कुणी सगा म्हणत नाही. हा नेमका अर्थ 'सगर्भ'मध्ये आहे, 'स्वक'मध्ये नाही. 'सगर्भ'मधल्या 'र्भ'चं काय झालं असं मला विचारतील, आणि ते विचारणं रास्त आहे. तरी सगर्भाची सावली या शब्दावर पडली आहे, असं मला ठामपणे वाटतं. तसं असेल तर सगेसोयरे म्हणजे सगर्भ आणि सोदर, एकच गोष्ट दोनदा सांगितलेली. 'सगे रक्ताचे, सोयरे बिनरक्ताचे' म्हणणाऱ्यांनी यावर बोलावं.

'सोयरसुतक' मात्र वेगळं. त्यातलं सोयर जन्माचं आणि सुतक मरणाचं. मूळ संस्कृतात सूतक हाही जन्माचाच शब्द. पण 'आपल्याला त्याचं काही सोयरसुतक नाही' हे वाक्य मी चावडीवर, एसटीत, रुग्णालयाच्या रांगेत इतक्यांदा ऐकतो की लिहिल्यावाचून राहवत नाही. शेजारच्या गावात कुणी फवारणीच्या औषधाने गेला, तरी हेच वाक्य. पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ गावच्या मंडळीला, लिहितो की एक अवयव दुखावला तर त्याच्याबरोबर सगळे अवयव दुखावतात. कुणाच्या जन्माचा विटाळ नाही की मरणाचा नाही, असा माणूस त्याच्या हिशेबात बसत नाही.

आता भिंत. 'ख्रिस्ती सोयरे' लिहू नका, त्याने गाव दोन भागांत कापलं जाईल. 'ख्रिस्तात सोयरे' बरोबर आहे, पाळकांचं वाक्य तसंच ठेवा. पण गुरुजी, प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय काढून पाहा. पौल अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या टेकडीवर उभा आहे, समोर येशूबद्दल नुकतंच ऐकलेले लोक आहेत, आणि तो त्यांना सांगतो की देवाने एकापासून माणसांची सगळी राष्ट्रं निर्माण केली. वर त्यांच्याच कवीचा आधार देतो, 'आपण त्याचा वंश आहोत.' ते अजून विश्वासात आलेले नव्हते, तरी पौल त्यांना एकाच मुळाचे धरून बोलला. म्हणून भिंत रस्त्याच्या बाजूची असेल तर मी नुसतं 'आपण सगळे सोयरे' लिहीन. म्हातारबुवांना सांगा की तुम्ही 'भाऊ म्हना' म्हणालात, तेच पाळक म्हणाले होते.